नागपूरचे ऊन सोडून डोंगरावर राहायला जाताना : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या उन्हाळ्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत पुन्हापुन्हा विचारला जात आहे : नागपूर सोडून एखाद्या थंड, डोंगराळ गावी राहायला जावे का, आणि जायचेच ठरवले तर तयारी कशाची ठेवावी? काही पत्रे निवृत्तांची आहेत, काही घरून काम करणाऱ्या तरुणांची, आणि एक पत्र अशा गृहिणीचे आहे की जिला हा निर्णय मनापासून पटलेला नाही. इमारत बांधकामाच्या नोकरीत माझी बरीच वर्षे मेळघाटात आणि सातपुड्याच्या पलीकडच्या बाजूला गेली, म्हणून संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. मुलगा पुण्यात स्थायिक झाल्यामुळे नागपूरच्या घरात आम्ही दोघेच असतो. गेल्या मे महिन्यात आम्ही चिखलदऱ्याला आठवडाभर राहिलो आणि तेथून परतावेसेच वाटेना. येथील घर विकून तिकडे कायमचे जावे असा विचार आहे. एका मध्यस्थाने चिखलदऱ्याजवळच्या एका गावात दीड एकर जमीन दाखवली असून भाव फारच कमी सांगितला आहे. काटोल तालुक्यातल्या वडिलोपार्जित संत्र्याच्या बागेत माझा वाटा आहे. आम्ही काय काय तपासून पाहावे?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : आपण मे महिन्यात तेथे राहिलात आणि मे महिन्यावरून निर्णय घेत आहात, ही या पत्रातली मला सर्वांत काळजीची वाटलेली गोष्ट आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. उंची वाढते तशी हवा दर हजार मीटरला सरासरीने साडेसहा अंशांनी थंड होत जाते आणि उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी हा फरक आणखी वाढतो, त्यामुळे दोन्ही ठिकाणांत पाच ते सात अंशांचे अंतर पडते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तशा दिवशी डोंगरावरही चाळिशी गाठली जाते, हे लक्षात ठेवावे. दुपारी तेथेही पंखा लागतो. खरा फरक जाणवतो तो रात्री. नागपुरात दिवसभर तापलेला स्लॅब आणि डांबरी रस्ते मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतात आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत, तर कुलरसुद्धा कोमट हवा फेकतो. डोंगरावर मात्र सूर्य मावळल्यावर तासाभरात अंगावर चादर घ्यावीशी वाटते. आपल्याला जे सुख मिळाले ते खरेच आहे, पण ते वर्षातल्या अडीच-तीन महिन्यांचे आहे.

कस लागतो तो पावसाळ्यात. थंडीबद्दल प्रत्येकजण विचारतो, पावसाबद्दल क्वचितच कोणी विचारतो, आणि डोंगरावर राहायला गेलेली नागपूरकर मंडळी परत येतात ती बहुधा पहिल्या पावसाळ्यानंतर. अरबी समुद्रावरून येणारे वारे गाविलगडच्या रांगेवर चढताना पाणी टाकून देतात, त्यामुळे नागपूरच्या जवळपास दीडपट पाऊस चिखलदऱ्याला पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये धुके सलग अनेक दिवस घराच्या दारापाशी उभे असते. कपडे वाळत नाहीत, गाद्या ओलसर लागतात, कपाटातल्या चामड्याच्या वस्तूंवर पांढरी बुरशी चढते, मसाल्याच्या डब्यातले मीठ पाझरते. तारांवर झाड पडले की वीज जाते, आणि ती परत यायला किती वेळ लागेल हे महावितरणचा माणूस झाडापर्यंत पोहोचण्यावर अवलंबून असते. घाटात दरड आली तर पायथ्याच्या परतवाड्याचा रस्ता बंद होतो. पर्यटकांना हेच दिवस रम्य वाटतात, कारण ते रविवारी येतात आणि सोमवारी परत जातात.

एवढे पाणी पडूनही उन्हाळ्यात तेथे पाण्याची चणचण असते, हे नवख्या माणसाला खरे वाटत नाही. मेळघाटाचा डोंगर काळ्या पाषाणाचा, उताराचा. पडलेले पाणी सिपना, खापरा, गडगा यांसारख्या नद्यांतून झपाट्याने खाली उतरते आणि तापीकडे निघून जाते. अनेक गावांत एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. म्हणजे आपण ज्या महिन्यांसाठी तेथे जाणार त्याच महिन्यांत पाणी कमी. मध्यस्थाने दाखवलेल्या जमिनीवर विहीर किंवा बोअर असेल तर तिला मे महिन्याच्या अखेरीस किती पाणी असते, हे मध्यस्थाला नव्हे, शेजारच्या शेतकऱ्याला विचारा.

आता जमिनीकडे वळू. येथे मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या बाबतीत चांगली, शिकलेली माणसेही फसतात. विदर्भासाठी १९५८ चा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आहे. त्याच्या कलम ८९ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. काटोलच्या बागेच्या सातबाऱ्यावर आपले नाव असेल तर ही अडचण आपल्याला येणार नाही. नाव अजून वडिलांचेच असेल तर आधी वारसाचा फेरफार करून घ्या. परंतु दुसरी अडचण याहून मोठी आहे. चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि तेथील बहुतेक शेतकरी कोरकू आदिवासी आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून हस्तांतरित होऊ शकत नाही, आणि तसा व्यवहार झालाच तर जमीन मूळ मालकाला परत देण्याची तरतूद आहे. वनहक्क कायदा, २००६ खाली मिळालेला पट्टा तर वारसांकडे जातो, पण विकता येतच नाही. भाव फारच कमी सांगितला आहे असे आपण लिहिता. माझ्या अनुभवात असा भाव बहुधा याच दोन प्रकारच्या जमिनींना सांगितला जातो.

म्हणून सातबारा उतारा स्वतः काढा. त्यावर भोगवटादार वर्ग १ लिहिले आहे की वर्ग २, हे पाहा. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विक्री होत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात आदिवासी खातेदाराविषयी शेरा आहे का, जुन्या फेरफारांत जमीन कोणाकडून कोणाकडे आली, हे तलाठ्याकडे बसून पाहा. त्याखेरीज, मेळघाट हा १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. त्यामुळे दाखवलेली जागा प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात अथवा भोवतालच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येते का आणि तेथे बांधकामाला काय अटी आहेत, हे वनविभागाकडून लेखी घ्या.

मध्यस्थ कदाचित असेही सुचवील की जमीन एखाद्या आदिवासी माणसाच्याच नावावर राहू द्या, ताबा तुमचा, आणि साध्या कागदावर करार करून टाकू. तो मार्ग कृपया घेऊ नका. असा व्यवहार बेनामी ठरतो हे तर आहेच, पण त्याहून मला टोचते ती गोष्ट अशी की, ज्या माणसाला संरक्षण देण्यासाठी कायदा केला त्याच माणसाचा अंगठा वापरून तो कायदा गुंडाळला जातो, आणि पुढे तंटा झाला की कचेरीत फेऱ्या त्यालाच माराव्या लागतात. आपण तेथे शेजारी म्हणून राहू इच्छिता. शेजाराची सुरुवात अशी होऊ नये.

माझा सल्ला असा की, नागपूरचे घर विकू नका. चिखलदरा नगरपरिषदेच्या हद्दीत, किंवा परतवाड्याच्या वाटेवर एखादे घर जूनपासून फेब्रुवारीपर्यंत भाड्याने घ्या आणि सुटीला गेल्यासारखे न राहता नेहमीच्या दिनक्रमाने राहा : औषधे तेथूनच आणा, गॅस तेथेच भरा, आजारी पडलात तर आधी तेथल्याच डॉक्टरांकडे जा. एवढे महिने काढल्यावरही दोघांनाही राहावेसे वाटले, तर जागा शोधायला सावकाश सुरुवात करा.

प्रश्न : माझ्या यजमानांनी निवृत्तीनंतर डोंगरावरच्या गावी जाण्याचे जवळजवळ नक्की केले आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या असून त्यांना रक्तदाबाचा आणि गुडघ्यांचा त्रास आहे. थंडी त्यांना सोसेल का? मला स्वतःला माझी माणसे, भजनी मंडळ, महालातला बाजार सोडून जावेसे वाटत नाही, पण मी विरोध केला तर मी सर्वांच्या सुखाआड येते असे होईल, अशी भीती वाटते.
– एक वाचक भगिनी, महाल

उत्तर : ताई, आपल्या पत्रातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, दुसऱ्याचे नाही.

चिखलदऱ्याची थंडी नागपूरकरांना वाटते तेवढी परकी नाही. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपुरातच पारा ३.५ अंशांवर उतरला होता. हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन सखल भागात साचते, त्यामुळे पहाटेचे तापमान डोंगरमाथ्यावर आणि खालच्या मैदानात पुष्कळदा जवळपास सारखेच असते. फरक असा की डोंगरावर वारा जास्त आणि थंडीचे दिवस अधिक. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढण्याकडे कल असतो. तहान कमी लागल्यामुळे वृद्ध माणसे पाणी कमी पितात. म्हणून जाण्यापूर्वी सासूबाईंच्या डॉक्टरांना ऋतूप्रमाणे गोळ्यांचे प्रमाण बदलावे लागेल का, हे विचारून घ्या आणि तेथे रक्तदाब मोजण्याचे यंत्र घरात ठेवा. सांधे दमट-थंड हवेत अधिक आखडल्याची तक्रार बरेच वृद्ध करतात. तिचा जोर पावसाळ्यात असतो, कोरड्या हिवाळ्यात तितका नाही.

एक गोष्ट मात्र अत्यंत कळकळीने सांगतो. बंद खोलीत सिगडी किंवा कोळशाची शेगडी पेटवून कोणीही झोपू नये. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो बेशुद्ध करतो. लहानशा बंद न्हाणीघरात लावलेल्या गॅसच्या गिझरमुळेही हाच धोका संभवतो. सासूबाईंच्या खोलीला उष्णता हवी असेल तर विजेचा ऑइल हीटर वापरा, आणि शेकोटी अंगणातच राहू द्या.

थंडीपेक्षा मला चिंता वाटते ती अंतराची. चिखलदऱ्याहून परतवाडा सुमारे तीस किलोमीटर, तेही घाटाचे. मोठ्या रुग्णालयासाठी अमरावती गाठायची तर आणखी पन्नासेक. आणि नागपूर म्हटले तर एकूण अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे जाते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण धुक्यात घाट उतरायला तिलाही वेळ लागतो. छातीत दुखण्यासारख्या प्रसंगी पहिला तास मोलाचा असतो. आपल्या घरापासून मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, किती मिनिटांवर आहे, हे यजमानांनी एकदा मनाशी मोजून पाहावे, आणि मग ७८ वर्षांच्या आईविषयी ठरवावे.

दुसऱ्या प्रश्नाविषयी. आपण सुखाआड येत नाही. घर बदलल्याचा सर्वांत मोठा भार घर चालवणाऱ्या व्यक्तीवर पडतो, आणि तिला विचारल्यावाचून केलेला बेत अर्धाच असतो. डोंगरावरच्या गावात भाजी आठवड्याच्या बाजारी मिळते, मधल्या दिवसांत जे असेल ते. शेजारणी कोरकू बोलतील, गवळी घरांशी आणि दुकानदारांशी बहुधा हिंदीत बोलावे लागेल. माणसे मायाळू आहेत, दूध आणि खवा तेथल्यासारखा नागपुरात मिळणार नाही, पण मैत्री जमायला वर्ष-दोन वर्षे जातात आणि तोवरचा एकटेपणा बाईमाणसाला अधिक सोसावा लागतो, कारण यजमानांना फिरायला जंगल असते आणि आपल्याला घरात धुके असते. हे सारे यजमानांना स्पष्ट शब्दांत सांगा. एकट्याने सांगणे जड जात असेल तर हा अंक त्यांच्या हाती द्या. आपल्यासाठी मी एक तडजोड सुचवीन : उन्हाळ्याचे महिने तेथे, उरलेले वर्ष महालात. याविषयी शेवटच्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : चिखलदरा नगरपरिषदेच्या हद्दीत आमचा अकृषक, निर्वेध भूखंड आहे. नागपूरच्या कंत्राटदाराने तेथे दोन शयनगृहांचे, सपाट स्लॅबचे, उत्तरेकडे मोठ्या खिडक्या असलेले घर सुचवले आहे. नकाशा मंजुरीला टाकण्यापूर्वी आपले मत हवे.
– एक वाचक, हिंगणा मार्ग

उत्तर : कंत्राटदाराने आपल्याला नागपूरचे चांगले घर सुचवले आहे आणि तीच त्याची चूक आहे. नागपुरात आपण ऊन टाळण्यासाठी बांधतो; म्हणून खिडक्या उत्तरेला, पश्चिमेला भिंत कोरी आणि गच्ची रात्री झोपण्यासाठी सपाट. डोंगरावर पावसाळ्याचे चार महिने पाणी टाळायचे असते आणि हिवाळ्याचे तीन महिने ऊन आत घ्यायचे असते. चिखलदऱ्याच्या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो. त्यामुळे बसण्याची आणि वृद्धांची खोली दक्षिणेला ठेवून तिला मोठी खिडकी दिली, तर हिवाळ्यात ऊन थेट पलंगापर्यंत येते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असल्यामुळे त्याच खिडकीवर अडीच फुटांचे छज्जे असले की ऊन आत शिरत नाही. उत्तरेच्या खिडक्या लहान करा. ज्या बाजूने पावसाचा मारा येतो ती बाजू जागेवर जाऊन, शेजारच्या घरांच्या भिंतींवरचे शेवाळ पाहून ठरवा. बहुधा ती पश्चिम किंवा नैर्ऋत्य असते. त्या बाजूला व्हरांडा किंवा साठवणीची खोली येऊ द्या.

छप्पर उतरते हवे. कवेलू (कौले) असोत की रंगीत पत्रा, निथळ चांगली असली पाहिजे आणि पाखे भिंतीच्या बाहेर निदान दोन-अडीच फूट यायला हवेत, म्हणजे भिंत भिजत नाही. कवेलूंवर माकडे उड्या मारतात, हे मेळघाटात राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून तेथे पुष्कळ जण पत्रा पसंत करतात. पत्रा घातला तर त्याखाली उष्णतारोधक थर आणि लाकडी किंवा सिमेंटच्या पट्ट्यांचे आतले छत हवे, नाहीतर पावसाच्या आवाजात बोलणे ऐकू येणार नाही आणि हिवाळ्याच्या पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव साचून टपकेल. सपाट स्लॅबच हवा असेल तर त्यावर पत्र्याचे दुसरे छप्पर करा. सरकारी इमारतींच्या स्लॅबवर पहिल्या चार-पाच वर्षांनी असे छप्पर चढवावे लागल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. ते सुरुवातीलाच केलेले स्वस्त पडते.

जोते जमिनीपासून निदान दोन फूट उचला आणि जोत्याच्या पातळीला ओल रोखणारा थर, ज्याला गवंडी डीपीसी म्हणतात, तो सर्व भिंतींखाली सलग आहे का, हे स्वतः उभे राहून पाहा. नंतर कितीही रंग लावला तरी खालून चढणारी ओल थांबत नाही. घराच्या वरच्या अंगाला, डोंगराकडून येणारे पाणी अडवून बाजूने वळवणारी दगडी चर काढा. या चरीकडे सर्वांचे दुर्लक्ष होते, आणि घरातली बहुतेक ओल तिच्या अभावामुळे येते. दारे-चौकटींसाठी सागवान वापरता आले तर उत्तम. प्लायवूडची दारे पहिल्याच पावसाळ्यात फुगतात. चकचकीत फरशीपेक्षा खरबरीत कोटा किंवा शहाबादी घ्या, ओल्या पायांनी घसरायला होत नाही.

पाणी तापवण्यासाठी सौरबंब लावायचा असल्यास लावा, पण जुलै-ऑगस्टमध्ये धुक्यामुळे तो निरुपयोगी असतो, तेव्हा विजेची सोय सोबत ठेवा. आणि छपरावरचे पाणी साठवण्याची टाकी नकाशातच दाखवा; शंभर चौरस मीटरच्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे एक हजार लिटर पाणी होते, यावरून टाकीचा हिशेब मांडता येईल. साठवलेल्या पाण्याचा खरा उपयोग एप्रिल-मेमध्ये होतो, म्हणून टाकी झाकलेली आणि मोठी असावी. कुलर मात्र नागपूरलाच ठेवा. डोंगरावर त्याचे काम नाही.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे आणि कायम घरून काम करतो. पत्नीला आणि मला उत्तराखंडातल्या कुमाऊँत, अल्मोडा किंवा मुक्तेश्वरच्या परिसरात, एखाद्या खेड्यात राहायला जायचे आहे. थोडी जमीन घेऊन घर बांधावे का? तेथील थंडीत आम्हां विदर्भातल्या माणसांना राहता येईल का?
– एक वाचक, मनीषनगर

उत्तर : राहता येते, विदर्भातली अनेक मुले सैन्यात याहून कठीण थंडीत राहतात. पण आपण ज्याला थंडी म्हणतो आणि तेथे जी पडते, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अल्मोडा सुमारे १,६४० मीटरवर आहे, मुक्तेश्वर सुमारे २,३०० मीटरवर. मुक्तेश्वरला हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो आणि बर्फही पडते. नळातले पाणी पहाटे गोठते, म्हणून रात्री टाकीचा नळ किंचित वाहता ठेवतात किंवा नळ्यांना गुंडाळून ठेवतात. स्वयंपाकाच्या गॅसमधला ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणे थांबवतो, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत सिलिंडरचा दाब पडतो. दोन हजार मीटरवर पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळते, म्हणजे तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजायची आशा सोडून कुकर जवळ ठेवावा. दोन-तीन किलोमीटर उताराचढावाने चालणे हा तेथे रोजचा भाग आहे.

नागपूरच्या उन्हाळ्यापासून दूर जाणाऱ्याने एक गोष्ट जाणून घ्यावी. कुमाऊँत एप्रिल ते जून हा वणव्यांचा काळ असतो. चीड या पाइनच्या जातीच्या झाडांच्या वाळलेल्या सुया पेट घेतात आणि कोरड्या वर्षी दऱ्यांत दिवसचे दिवस धूर साचलेला असतो. त्याच काळात पाण्याचे झरे आटतात. पावसाळ्यात दरडींमुळे खाली काठगोदामच्या रेल्वे स्थानकाकडे जाणारे रस्ते बंद पडतात, आणि त्या दिवसांत वीज व इंटरनेट दोन्ही जाऊ शकतात. आपली उपजीविकाच इंटरनेटवर आहे. तेव्हा घर पाहताना देखाव्याआधी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमकार्डांवर वेग तपासा, तोही संध्याकाळी.

जमिनीविषयी घाई करू नका. उत्तराखंडात बाहेरच्या व्यक्तीला नगरपालिका हद्दीबाहेर राहण्यासाठी २५० चौरस मीटरपर्यंतच जागा घेता येते, आणि २०२५ मध्ये तेथील विधानसभेने हे नियम आणखी कडक केले आहेत. शेजारच्या हिमाचलात १९७२ च्या कायद्याच्या कलम ११८ मुळे तेथील शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शासनाच्या परवानगीवाचून जमीन घेता येत नाही. दोन्ही राज्यांनी हे नियम केले त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे : मैदानातल्या पैशाने डोंगरातल्या उताराच्या तुटपुंज्या शेतीचे भाव एवढे चढतात की गावच्याच मुलांना जमीन उरत नाही. भाड्याने घेतलेले जुने दगडी घर आपल्यासाठी अधिक योग्य राहील. जाड भिंती, ठेंगणी दारे, लहान खिडक्या आणि पाटीच्या दगडाचे छप्पर असलेली ती घरे शेकडो हिवाळ्यांच्या अनुभवातून घडली आहेत, आणि ती रिकामी पडत चालली आहेत, कारण गावे ओस पडत आहेत. एखादे घर दुरुस्त करून, मालकाला नियमित भाडे देऊन आपण तेथे राहिलात तर त्यात गावाचेही भले आहे. पहिला हिवाळा मात्र दोन हजार मीटरच्या खालीच काढा.

प्रश्न : चिखलदरा फार लांब पडते. छिंदवाडा किंवा तामिया कसे राहील? की उन्हाळ्यापुरतेच जावे?
– एक वाचक, सदर

उत्तर : छिंदवाडा शहर सुमारे पावणेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे नागपूरहून अडीच-तीन अंशांचाच दिलासा मिळेल, मात्र अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि शहराच्या सर्व सोयी आहेत. तामिया त्याहून उंच आणि थंड आहे, पण ते आदिवासीबहुल क्षेत्र आहे. मध्य प्रदेशच्या १९५९ च्या भूराजस्व संहितेतल्या कलम १६५ मध्ये आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध आहेत, तेव्हा वर पहिल्या उत्तरात लिहिलेली सावधगिरी तेथेही बाळगावी.

उन्हाळ्यापुरते जाणे हाच मार्ग मी बहुतेक नागपूरकरांना सुचवतो. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होती तेव्हा उन्हाळ्यात सरकार पचमढीला जात असे आणि पाऊस सुरू झाला की परतत असे. वऱ्हाडातले अधिकारी त्याच काळात चिखलदऱ्याला जात. त्यांच्यापाशी बंगले आणि नोकरचाकर होते, आपल्यापाशी तसे काही नाही, पण ऋतूचा हिशेब त्यांनी बरोबर केला होता. मार्चअखेर जावे, मृगाच्या पावसाने नागपूर निवले की परत यावे. तीन महिन्यांच्या भाड्याचा खर्च घर विकून पस्तावण्यापेक्षा पुष्कळ कमी असतो, आणि शिधापत्रिका, निवृत्तिवेतनाची बँक, मतदारयादी, गॅसची नोंदणी यांपैकी काहीही हलवावे लागत नाही.

जाताना नागपूरचे घर नीट बंद करणे महत्त्वाचे आहे. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवावा, फ्रिज रिकामा करून दार किंचित उघडे ठेवावे, विजेचा मुख्य खटका बंद करावा आणि गच्चीवरची टाकी रिकामी न ठेवता अर्धी भरून झाकण घट्ट बांधावे, कारण कोरडी पडलेली प्लास्टिकची टाकी मे महिन्याच्या उन्हात तडकते. कुंड्या शेजाऱ्यांच्या सावलीत पोहोचवाव्यात. किल्लीचा एक जोड जवळच्या नात्यातल्या माणसाकडे द्यावा आणि जूनचा पहिला पाऊस पडताच गच्चीच्या नळांत पालापाचोळा अडकला आहे का, हे त्याला पाहायला सांगावे.